‘ढ’ म्हणण्यापूर्वी

‘विदर्भ’ हा शब्द आमच्या धाकट्यानं एकाच पानावर तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा निराळा लिहिला. पहिल्या ओळीत ‘विदरभ’, मधे कुठंतरी ‘विद्रभ’ आणि अगदी खाली ‘विर्दभ’. ज्या विदर्भात जन्मला, वाढला, त्याचं नाव या मुलाला नवव्या वर्षी लिहिता येऊ नये! २०२२ सालचा एप्रिल होता. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. संध्याकाळचे सात वाजले तरी भिंतीला हात लावला की चटका बसतो. कूलर घरघरत होता, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा तिसरीचा मराठीचा पेपर होता. मी म्हटलं, “अरे, आत्ताच सांगितलं ना? रफार भवर!” त्यानं मान हलवली, खोडरबरानं खोडलं आणि पुन्हा ‘विर्दभ’ लिहिलं. माझा हात उठला.

मी शिक्षिका आहे, म्हणून हे लिहिताना जास्तच लाज वाटते. बी. ए. झाले, लग्न झालं, मुलं शाळेत जायला लागल्यावर एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवू लागले. दुसऱ्यांच्या चाळीस मुलांच्या वह्या शांतपणे तपासणारी बाई घरी येऊन स्वतःच्या पोराला एका रफारासाठी मारते!

देवापाशी बसलेल्या सासूबाई उठून आल्या. “काहून मारतेस गं त्याले? याचा बापही असाच होता. चौथीपर्यंत धड वाचता येत नव्हतं त्याले. आमच्या घरच्या पोरांना उशिराच उमगतं.” सासूबाईंनी नातवाची बाजू घ्यायची ही नेहमीचीच रीत, म्हणून मी ते बोलणं कानाआड केलं. त्यातलं किती खरं होतं ते कळायला मला पुढं आठ महिने लागले.

तसं कारण आमच्याकडं तयारच होतं. धाकट्याची पहिली संपता संपता, मार्च २०२० मध्ये, करोनामुळं शाळा बंद झाल्या. दुसरी सगळी मोबाइलवर गेली. त्यामुळं “सगळ्यांचीच मुलं मागं पडलीत हो,” असं जो तो म्हणे, आणि ते खोटंही नव्हतं. पण शाळा सुरू झाल्यावर वर्षभरात बाकीच्या मुलांची गाडी रुळावर आली. आमची तिथंच उभी. चौथीतही तो बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत वाचायचा. ‘कमळ’ हा शब्द पहिल्या ओळीत वाचला, तरी तिसऱ्या ओळीत पुन्हा भेटला की जणू पहिल्यांदाच पाहतोय! आज मला कुणी विचारलं, की ओळखायचं कसं, तर मी हीच खूण आधी सांगेन. शिकवण्याच्या अभावी मागं पडलेलं मूल शिकवलं की पुढं सरकतं. इथं आपण शिकवतो, मूल मन लावून शिकतं, रात्री येतं, सकाळी पाटी कोरी.

आणि हाच मुलगा कूलरचा पंप खोलून, साफ करून, पुन्हा जोडून द्यायचा. जाळ्यांमध्ये नवं गवत भरायचं कसं, पाणी एकाच बाजूनं का गळतं, हे मला त्यानं समजावलं. आमच्याकडं धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी म्हणाल्या होत्या, “पोट्टं हुशार हाय न बाई! तुमी काहून चिंता करून राह्यल्या?” मावशींना जे दिसलं ते मला दिसत नव्हतं, कारण मी फक्त वही पाहत होते.

पर्सीची गोष्ट

पुढं मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले, तेव्हा मला एक जुनी हकीकत सापडली. १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात एका चौदा वर्षांच्या मुलाविषयी लिहिलं. मुलगा चलाख, खेळात कुणापेक्षा कमी नाही, नजर उत्तम, घरी शिकवायला माणसं ठेवलेली. पण वाचता येत नाही. त्याच्या मास्तरांचं म्हणणं असं, की सगळं शिक्षण नुसतं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. या मुलाचं नाव पर्सी. स्वतःचं नाव तो कसं लिहायचा? ‘प्रेसी’! र एका घरानं सरकलेला. मी ते वाचलं आणि आमच्या धाकट्याचा ‘विद्रभ’ डोळ्यांपुढं आला. सव्वाशे वर्षांचं अंतर, मधे सात समुद्र, आणि र मात्र तसाच सरकलेला.

याला आता डिस्लेक्सिया म्हणतात. लिहिण्यातच मुख्य अडचण असेल तर डिसग्राफिया, आकड्यांत असेल तर डिस्कॅल्क्युलिया. तिन्ही मिळून मराठीत ‘अध्ययन अक्षमता’. शब्द मला आवडत नाही. त्यात अक्षम असल्याचा ठपका आहे, पण सरकारी कागदावर तोच येतो म्हणून माहीत असलेला बरा. यात बुद्धी कमी नसते, डोळे-कान ठीक असतात. अक्षर पाहायचं, त्याचा आवाज आठवायचा, ते आवाज जोडून शब्द करायचा, ही जी साखळी आपल्या मेंदूत क्षणात पुरी होते, ती या मुलांच्या मेंदूत हळू आणि अडखळत होते. मतिमंदत्व ही वेगळी गोष्ट. दोन्हींची गल्लत आपल्याकडं सर्रास होते, आणि त्या भीतीनंच आईबाप तपासणी टाळतात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली काढलेल्या ग्रंथात शाळकरी मुलांत हे प्रमाण ५ ते १५ टक्के दिलं आहे. म्हणजे चाळीसच्या वर्गात दोन ते सहा मुलं. माझ्या वर्गात इतक्या वर्षांत किती येऊन गेली असतील, त्यांतल्या किती जणांच्या वहीवर मी लाल शाईनं ‘निष्काळजीपणा!’ लिहिलं असेल, हा हिशेब मी करत नाही.

रफार, वेलांटी आणि पंचवीस

लोकांना वाटतं हे इंग्रजीचं दुखणं आहे. मराठीत जसं बोलतो तसं लिहितो, मग अडचण कसली? काही अंशी हे खरं आहे. इंग्रजी स्पेलिंगांपेक्षा आपली बाराखडी दयाळू आहे. पण पहिलीच्या मुलाच्या जागी बसून पाहा. ‘कि’ म्हणताना आधी क ऐकू येतो, पण कागदावर वेलांटी आधी. रफाराचा र आधी ऐकू येतो आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, ब आणि व, यांच्यात एखाद्या गाठीचा नाहीतर रेघेचा फरक. ख सुटा लिहिला की ‘रव’. जोडाक्षरांत तर अर्धं अक्षर कुठं दांडी टाकतं, कुठं पाय मोडतं, कुठं दुसऱ्याच्या पोटात शिरतं. सगळीच मुलं सुरुवातीला यात चुकतात, ते वयाचं आहे. पण दुसरी-तिसरीनंतरही त्याच चुका रोज, आणि एकाच पानावर एकच शब्द तीन रूपांत आला, तर रागवण्याआधी थांबायला हवं.

आकड्यांचं तर आपल्या मराठीत आणखीच आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी ऐकू येतात, लिहायचे मात्र दोन आधी. आमचा धाकटा ५२ लिहायचा. ‘एकोणपन्नास’ ऐकलं की ५१, कारण त्याला ‘एक’ आणि ‘पन्नास’ असे दोनच शब्द ऐकू आले! सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजीवालीनं “त्रेचाळीस झाले” म्हटलं, तर हा चौतीस मोजून देणार आणि वर बाकी मागणार. तिला वाटलं पोरगं लबाड आहे. शाळा सेमी-इंग्रजी, तिथं गणित इंग्रजीत. ‘ट्वेंटी-फाइव्ह’ तो बरोबर लिही. त्यामुळं घरी आजीला वाटे, हा मुद्दाम मराठीत चुकतो.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’, ‘सदुसष्ट’च्या जोडीला ‘साठ सात’ असं म्हणायची पद्धत दिली होती. गणित समितीच्या अध्यक्षा मंगलाताई नारळीकर. केवढी टिंगल झाली तेव्हा! विधानसभेपर्यंत विषय गेला. मीही शिक्षकांच्या खोलीत बसून हसले होते, मराठीचं वाटोळं होणार म्हणून बोलले होते. मंगलाताई २०२३ साली गेल्या. आता मी धाकट्याला आकडा सांगताना ‘वीस पाच, म्हणजे पंचवीस’ असं सांगते आणि तो बरोबर लिहितो. आपण न जाणता कुणाला हसलो, याची खंत काही वेळा फार उशिरा येते.

वर्गातली शहाणी मुलगी

माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. दोन वेण्या, कव्हर घातलेल्या वह्या, शहाणी. वाचायला उभी केली की धडा घडाघडा वाचायची. धाकट्याच्या प्रकरणानं माझे डोळे उघडले होते म्हणून असेल, एक दिवस माझ्या ध्यानात आलं, की तिचं पुस्तक भलत्याच पानावर उघडं आहे. तिला सगळा धडा पाठ होता. आई रात्री वाचून दाखवायची, ही एकदा-दोनदा ऐकून पाठ करायची. न शिकवलेला उतारा पुढं ठेवला, तर पहिल्या ओळीतच डोळे भरून आले.

मुलगे वर्गात वाचता येईनासं झालं की दंगा करतात, पेन्सिली मोडतात, मागच्या बाकावरून वर्ग डोक्यावर घेतात, त्यामुळं निदान शिक्षकांच्या नजरेत तरी भरतात. मुली गप्प बसतात, शेजारणीचं पाहून लिहितात, पोट दुखतं म्हणून घरी राहतात. म्हणून त्या सुटतात. मी तिच्या आईला बोलावलं. ती शिवणकाम करून घर चालवणारी बाई. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “बाई, मुलाचं असतं तर केलंही असतं. मुलीच्या नावावर असा कागद निघाला, तर उद्या लग्नाच्या वेळी कोण विचारणार तिला?” मी बोलायचं ते बोलले. ती काही कबूल झाली नाही. माझ्या विषयाची तोंडी परीक्षा मी घेत असे, तेवढंच माझ्या हातात होतं. ती आता दुसऱ्या शाळेत आहे.

“माझ्या पोराला शिक्का नको”

दुसऱ्याच्या घरात मी शहाणपण सांगत होते, पण माझ्याच घरात काय चाललं होतं? ह्यांचं गांधीबागेकडं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. मी तपासणीचं नाव काढलं की ताटावरून उठायचे. “अपंगाचं सर्टिफिकेट काढायचं माझ्या पोराला? शिकवणी लाव दुसरी. तू मारतेस म्हणून बुजलाय तो.” या शेवटच्या वाक्यापुढं माझी जीभ लुळी पडायची. शिकवणी लावली. शेजारणीच्या सांगण्यावरून ब्राह्मी झाली, भिजवलेले बदाम झाले, स्मरणशक्तीचं महागडं सिरप झालं. (बायांनो, डिस्लेक्सियावर औषध नाही. जोडीला अतिचंचलपणा असेल तर त्यासाठी डॉक्टर कधी औषध देतात, ते वेगळं. बाटलीतून वाचन येत नाही.) शिकवणीच्या बाईंनी चुकलेला शब्द शंभर वेळा लिहायला लावला, तेव्हा त्यानं चुकीचाच शब्द शंभर वेळा लिहून आणला.

डिसेंबर उजाडला. एका रात्री जेवणं आटोपल्यावर मी विजेच्या कंपनीचं पत्र ह्यांच्या पुढं केलं. नेहमीसारखे म्हणाले, “चष्मा सापडत नाही, तूच वाच.” चष्मा शर्टाच्या खिशात होता. मी त्याकडं पाहिलं, त्यांनी माझ्याकडं पाहिलं. इतकी वर्षं संसार केला. बँकेचे फॉर्म मी भरायचे, लग्नपत्रिका मी वाचायच्या, दुकानातली बिलं तिथला पोरगा लिहायचा, आणि मला वाटायचं पुरुषांना कागदपत्रांचा कंटाळा असतो. त्या रात्री ते बोलले. दहावी तिसऱ्या खेपेला सुटली. मास्तर मुद्दाम त्यांना धडा वाचायला उभं करायचे आणि वर्ग हसायचा. आजही वर्तमानपत्राचे मथळे तेवढे वाचतात. “त्याचं काय होतंय ते मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं,” म्हणाले, “म्हणूनच नको म्हणतो.” सासूबाईंचं ते कानाआड केलेलं वाक्य मला तेव्हा आठवलं. ही गोष्ट घराण्यातून उतरते, हे मी तोवर पुस्तकात वाचलंही होतं. घरात पाहिलं मात्र नव्हतं. पुढच्या आठवड्यात ते स्वतः दुकान बंद ठेवून आमच्याबरोबर आले.

तपासणी म्हणजे काय असतं ते सांगते, कारण भीती अज्ञानाची असते. आधी डोळे आणि कान तपासतात. फळा न दिसणाऱ्या मुलाला उगाच ‘ढ’ ठरवलं असं व्हायला नको. मग मानसतज्ज्ञ बुद्ध्यंकाची चाचणी घेतात. मग विशेष शिक्षक वाचन, लेखन, गणित यांच्या चाचण्या घेतात. मूल ज्या भाषेत शिकतं त्या भाषेत त्या व्हाव्यात, हे आग्रहानं सांगा. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी अशा आपल्या नागपुरी मुलांचं इंग्रजी कच्चं असणं म्हणजे डिस्लेक्सिया नव्हे. खासगी तज्ज्ञाकडं जाणार असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडं त्यांची नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नका. सवलतींसाठी लागणारं प्रमाणपत्र मात्र सरकारी रुग्णालयाच्या मंडळाकडूनच मिळतं. चार-पाच खेपा पडतात, रांगा असतात, डबा बरोबर न्यावा. साधारण आठव्या वर्षापासून हे प्रमाणपत्र मिळू शकतं. २०१८ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणं चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी झाली. अठराव्या वर्षीचं कायमचं, अशी त्यात तरतूद होती. २०२४ साली नवे नियम निघाले आहेत, तेव्हा जाण्यापूर्वी रुग्णालयात चौकशी करून घ्यावी. आठ वर्षांपर्यंत थांबायचं असा याचा अर्थ नाही. मदत पहिलीपासून सुरू करता येते, तिला कागद लागत नाही.

एक गोष्ट सांगायला अभिमान वाटतो. या मुलांना परीक्षेत रीतसर सवलती देणारं देशातलं पहिलं राज्य आपला महाराष्ट्र. १९९६ सालची ही गोष्ट. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडं दुर्लक्ष, गणितात कॅल्क्युलेटर, अशा त्या सवलती, ज्याच्या त्याच्या अडचणीप्रमाणं. पुढं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. तासामागं वीस मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला एक तास. कुणी म्हणतात ही फुकटची खिरापत. अहो, लंगडणाऱ्या मुलाला जिना चढायला दोन मिनिटं जास्त दिली तर ती खिरापत होते का?

सवलत कागदावर असणं वेगळं आणि मिळणं वेगळं. धाकट्याच्या शाळेत मी प्रमाणपत्र घेऊन गेले, तर उत्तर मिळालं, “आमच्याकडं अशा मुलांची सोय नाही, तुम्ही दुसरी शाळा पाहा.” मी स्वतः शिक्षिका असूनही त्या दिवशी काही न बोलता जिना उतरले. आठवड्यानं पुन्हा गेले ती कायद्याच्या कलम १६ ची प्रत घेऊन. अशी अडचण लवकरात लवकर हेरून त्यावर योग्य शिकवण्याचे उपाय करणं ही शाळेची जबाबदारी आहे, असं त्यात लिहिलेलं आहे. भांडले नाही, प्रत टेबलावर ठेवली. आता जादा वेळ मिळतो, इतिहास-भूगोलात ऱ्हस्वदीर्घाचे गुण कापत नाहीत. एक शिक्षक अजून वर्गात गुण मोठ्यानं वाचून दाखवतात. त्याला मी काही करू शकलेले नाही.

रव्याचं ताट

घरी काय करायचं, हे तुम्हाला सगळ्यांत जास्त हवं असेल. आधी काय सोडलं ते सांगते. मारणं सोडलं. पाहुण्यांपुढं “जरा वाचून दाखव बरं” सोडलं. थोरल्या बहिणीशी तुलना सोडली, म्हणजे सोडायचा प्रयत्न केला, जीभ घसरतेच. एक तास अभ्यासाला बसवणं सोडलं आणि वीस मिनिटांच्या दोन बैठका केल्या, मधे उड्या मारायला सुट्टी.

ज्या अक्षराशी भांडण असेल, ते मोठ्या ताटात बारीक रवा पसरून त्यात बोटानं काढायचं, काढताना मोठ्यानं म्हणायचं. डोळा, कान, बोट तिन्ही एकाच वेळी कामाला लागतात. विशेष शिक्षिकेनं हे सांगितलं तेव्हा वाटलं, काय नवी युक्ती! अमेरिकेत ऑर्टन नावाचे डॉक्टर आणि गिलिंगहॅम नावाच्या शिक्षिका यांनी १९३० च्या दशकात ही पद्धत बसवली, असं मी वाचलं. सासूबाई ऐकत होत्या, म्हणाल्या, “आमच्या वडिलांनी धूळपाटीवरच अक्षरं गिरवली, त्यात नवं काय?” खरंच की. आपल्या घरची गोष्ट, आपण वह्यांच्या नादात विसरलो. (रवा चाळून पुन्हा वापरता येतो, पण उपम्याला नको. त्यासाठी जुना, किडका रवाच बाजूला ठेवावा.)

शब्द टाळ्या वाजवून फोडायचे, ना-ग-पूर, तीन टाळ्या. वाचताना ओळीखाली पट्टी धरायची, म्हणजे डोळा खालच्या ओळीत घसरत नाही. भेंड्यांचा खेळ आवाज ओळखायला फार उपयोगी, स्वयंपाक करता करताही होतो. दशक-सुट्यासाठी झाडूच्या हिराच्या काड्या, दहा-दहाच्या जुड्या रबरबँडनं बांधलेल्या. वीस पाच म्हणजे दोन जुड्या आणि पाच सुट्या. आणि रात्री मी त्याला गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवते. तो सातवीत आहे तरीही. त्याची समज सातवीची आहे, वाचन चौथीचं. गोष्टी चौथीच्याच मिळाल्या तर डोकं उपाशी राहील.

सुट्टीच्या दिवशी आम्ही मेट्रोनं जातो. सीताबर्डीहून खापरीकडं निघालं की स्टेशनांच्या पाट्या येतात: काँग्रेस नगर, छत्रपती चौक, जयप्रकाश नगर, उज्ज्वल नगर. जोडाक्षरांची कसली गर्दी! गाडी थांबते तेवढ्यात वाचायचं. पहिल्या वेळी ‘उज्ज्वल’ येईपर्यंत गाडी सुटायची. आता वाचतो, आणि खरं सांगायचं तर स्टेशनं पाठ झालीत म्हणूनही वाचत असेल. माझं हसं करून घेण्याची माझी तयारी आहे.

‘तारे जमीं पर’ हा २००७ चा चित्रपट आपण सगळ्यांनीच पाहिला, पदर ओला केला. त्यानं या विषयाला तोंड फोडलं, हे उपकार मोठेच. पण चित्रपटात एक चांगले मास्तर येतात, काही महिन्यांत मुलगा वाचू लागतो आणि चित्रस्पर्धा जिंकतो. प्रत्यक्षात वर्षं जातात. आणि प्रत्येकात चित्रकार दडलेला नसतो. आमच्याकडचा चित्रंही यथातथाच काढतो. तान्ह्या पोळ्याला त्याचा लाकडी बैल सगळ्यांत विचित्र रंगवलेला होता, फक्त त्याला खाली चाकं बसवून ती बॅटरीवर चालवली होती. गल्लीतली पोरं मागं धावत होती.

हल्ली हे दुकानातून आले की कधी कधी रव्याच्या ताटापाशी बसतात. धाकट्याला शिकवायला बसतात, असं आम्ही म्हणतो. मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही.

परवा मी शाळेतून दमून आले, तर कूलरच्या टाकीवर कागद चिकटवलेला. मोठ्या, वाकड्या अक्षरांत: ‘आई, पाणि संपल आहे. पंप चालू करु नको. जळेल.’ तीन चुका. दप्तरातली लाल पेन हातात आली होती, ती परत ठेवली आणि बादली भरायला गेले.